झूलाघरातला टीव्ही

आमच्याकडे पाळणाघराला झूलाघर म्हणतात. पाटीवरही मी तेच लिहून घेतलं होतं, तेही हिंदीतून, कारण कुरुदच्या आमच्या गल्लीत मराठी वाचणारी घरं तीनच आणि त्या तिघांनाही हिंदी येतंच. आमची दोन्ही मुलं शिकून बाहेरगावी गेली होती. नवऱ्याची स्टील प्लांटमध्ये शिफ्टची ड्यूटी. पुढची मोठी खोली दिवसभर रिकामी पडलेली असायची. शेजारणीची सासू आजारी पडली तेव्हा तिनं आपलं लेकरू आठ दिवस माझ्याकडे ठेवलं. मग तिनं कोणाला सांगितलं, त्यांनी आणखी कोणाला सांगितलं, आणि वर्षभरात माझ्याकडे अडीच ते पाच वर्षांची सहा मुलं यायला लागली.

मदतीला एक बाई ठेवली. ती तलावापलीकडच्या जुन्या वस्तीतली, छत्तीसगढी बोलणारी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मला दीदी म्हणायची. मुलं तिचं ऐकायची आणि माझ्याकडे हट्ट करायची, अशी आमची वाटणी आपोआपच होऊन गेली होती.

टीव्ही आधी नव्हता. म्हणजे आतल्या खोलीत जुना होता, पण तो आमचा. नवऱ्यानं क्रिकेटसाठी नेटवर चालणारा मोठा टीव्ही घेतला आणि आतल्या भिंतीवर तो मावेना म्हणून पुढच्या खोलीत लावला. लावताना माझ्या मनात मुलांचा विचारही नव्हता. पण पहिल्याच दुपारी एकानं विचारलं, “आंटी, कार्टून आता है इसमें?” मी लावून दिलं. सहाही मुलं भिंतीसमोरच्या चटईवर ओळीनं बसली, आणि घर इतकं शांत झालं की बाहेर बिहीच्या झाडावर राघू पेरू कुरतडत होता तो आवाज मला ऐकू आला. पेरूला इथं सगळे बिहीच म्हणतात.

त्या शांततेची मला चटक लागली, हे मी कबूल करते. आधी जेवणानंतर अर्धा तास. मग भांडी होईपर्यंत. मग थंडीत अंगणात गार वारा असतो म्हणून सकाळीही. उन्हाळ्यात बाहेर सोडवत नाही म्हणून दुपारभर. एक संपलं की टीव्ही आपणच दुसरं लावायचा. काय लागतंय ते मी कधी पाहिलं नव्हतं. रंगीत होतं, गाणी होती, लहान मुलांचं होतं, एवढं मला पुरे होतं.

त्या सहा जणांत एक पोरगी होती, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. साडेतीन वर्षांची. आई प्लांटच्या ऑफिसात क्लार्क, वडील मालगाडीवर गार्ड. त्यांची ड्यूटी चरोद्याहून लागायची; एकदा गाडीवर गेले की कधी परततील याचा नेम नसायचा. हे लोक मूळचे भंडाऱ्याकडचे, आम्ही गोंदियाकडचे, त्यामुळे तिची आई मला काकू म्हणायची आणि आम्ही दोघी मराठीतच बोलायचो. पोरगी मात्र हिंदीच बोलायची. मोठी शहाणी होती. अडीच वर्षांची आली तेव्हापासून सू लागली की येऊन माझा पदर ओढायची. कधी चड्डी ओली केली नाही.

त्या जानेवारीत एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते. मदतनीस बाई पुढच्या खोलीतून ओरडली, “दीदी, इहाँ पानी कहाँ ले आगे?” मला वाटलं कोणाची बाटली सांडली. जाऊन पाहते तर चटईवर ओल पसरलेली आणि ती पोरगी त्या ओलीत मधोमध बसलेली. तोंड किंचित उघडं, डोळे टीव्हीवर. तिला कळलंच नव्हतं. शेजारचा मुलगा सरकून बसला होता, पण त्यानंही मान वळवली नव्हती.

मी म्हटलं, “अगं, उठ. ओली झालीस तू.” ती हलली नाही. मी तिला काखेत धरून उचललं तशी ती किंचाळली. लाथा झाडल्या. ओल्या कपड्यांसाठी तिचं रडणं नव्हतं. मी मध्ये आल्यामुळे तिला टीव्ही दिसेना, म्हणून ती रडत होती. बाथरूममध्ये कपडे बदलताना तिनं माझ्या मनगटाला चावा घेतला. आणि दहा मिनिटांनी, टीव्ही बंद केल्यावर, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती घाबरलीच. “घरी तं नाई करत काकू. गादीसुद्धा कोरडी असते तिची. कावून केलं असंल?”

“मले काय माहीत बाई. थंडीनं झालं असंल,” मी म्हटलं.

पण चार दिवसांनी पुन्हा झालं, आणि त्यानंतरच्या आठवड्यात तिसऱ्यांदा. आईनं डॉक्टरांना दाखवलं, लघवी तपासून आणली. काही निघालं नाही. तिन्ही वेळा ती टीव्हीसमोर बसली होती, हे मला तिसऱ्या वेळी लक्षात आलं. मी ते आईला लगेच सांगितलं नाही. टीव्ही लावणारी मी होते.

दुसऱ्या दिवशी मी सुपात तांदूळ घेतले आणि मुलांच्या मागं भिंतीला टेकून बसले. निवडता निवडता बघू म्हटलं, ही काय बघतात. एक खडा दिसला, तो उचलून बाजूला टाकला, मान वर केली तर चित्र बदललेलं. पुन्हा खाली पाहिलं, दुसरा खडा उचलला, वर पाहिलं तर तिसरंच काहीतरी. एक गाडी उडाली, तिचा चेंडू झाला, चेंडूला डोळे आले, तो हसला, सगळीकडून चांदण्या उडाल्या, आणि लगेच एक हत्ती नाचायला लागला. हत्ती कुठून आला ते मला समजलं नाही. मागं ढोल आणि किंचाळणं सतत. अर्ध्या तासात मी मूठभर तांदूळही निवडला नाही. उठले तेव्हा माझंच डोकं जड झालं होतं. आणि काय पाहिलं ते मला सांगता येईना.

मुलांना विचारलं, “क्या हुआ इसमें?” एकही बोललं नाही. त्या पोरीनं फक्त म्हटलं, “और लगाओ.”

नवऱ्याची तेव्हा दुपारची शिफ्ट होती, म्हणून सकाळी ते घरी असायचे. चहा पिता पिता मी त्यांना सगळं सांगितलं. ते रोलिंग मिलमध्ये पल्पिटवर बसायचे. पल्पिट म्हणजे उंचावरची काचेची केबिन. खालून लाल लोखंड धावत असतं आणि वर बसलेला माणूस स्क्रीन बघून मिल चालवतो. त्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली.

ते म्हणाले, “हे पाय, आमच्या स्क्रीनवर आठ तास काई झालं नाई तं आमी खूश. सगळं हळूहळू चालते. माणूस चहा पितो, बोलतो, नजर राखतो. आन् ज्या दिवशी एकदम सगळं लाल-पिवळं चमकायले लागते, भोंगे वाजते, त्या दिवशी उठता येत नाई. लघवी लागली तरी समजत नाई. घरी आल्यावरही छाती धडधडते. तू त्या लेकरायले रोज तेच दाखवून राहिली.”

मला राग आला. म्हटलं, “टीव्ही कोणी आणला मग?”

“मी क्रिकेटसाठी आणला,” ते म्हणाले आणि कप ठेवून आंघोळीला गेले.

त्या दिवसापासून मी टीव्ही बंद केला. एकदम. ही माझी चूक होती, पण तेव्हा मला तोच उपाय दिसला. पुढचा आठवडा फार वाईट गेला. जेवणानंतर मुलं चटईवर जाऊन बसायची आणि काळ्या काचेकडे बघत राहायची. मग एक रडायला लागायचं, त्याचं ऐकून दुसरं. त्या पोरीनं ठोकळ्यांचा डबा भिंतीवर आपटून फोडला. जामुलहून येणारे जुळे भाऊ एकमेकांना चावले. जामुलच्या सिमेंट कारखान्यात त्यांचे वडील सुपरवायझर होते. संध्याकाळी त्यांच्या आईनं दोघांच्या दंडावरचे दातांचे व्रण पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं.

मदतनीस बाई रोज म्हणायची, “लइका मन नइ मानत हें दीदी. लगा दे ना.” मुलं ऐकेनात तर लावून टाक, एवढं तिचं साधं म्हणणं. मी नाही म्हणायचे. पण शुक्रवारी मला ताप भरला, अंग ठणकत होतं, आणि अकरा वाजताच मी रिमोट तिच्या हातात दिला. त्या दिवशी मुलं चार तास टीव्ही बघत होती. मी आतल्या खोलीत गोधडी घेऊन पडले होते आणि बाहेरचं ते किंचाळणं ऐकत होते. उठून बंद करायला जायचं बळ माझ्यात नव्हतं. शिवाय, खरं सांगायचं तर, मला बरं वाटलं होतं.

सोमवारी जुळ्यांची आई एकटीच आली. दारातच उभी राहून म्हणाली की पुढच्या चौकात नवीन झूलाघर निघालंय, तिथं मोठ्या टीव्हीवर दिवसभर इंग्लिश गाणी लावतात, मुलं आपोआप इंग्लिश शिकतात. “आपके यहाँ तो टीवी भी बंद है अब,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. दोघांच्या चादरी आणि बाटल्या घेऊन गेली. त्यांच्या बाटल्या अडकवायच्या दोन खुंट्या पुढे बरेच महिने रिकाम्या राहिल्या.

मला वाईट वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली, की उरलेली चार पण जातील. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, “बंद करून होत नाई. काई तरी लावावं लागते. पण काय लावावं?”

रविवारी आम्ही दोघं दुपारभर टीव्हीसमोर बसलो. दोन म्हातारी माणसं लहान मुलांचे कार्यक्रम बघतायत, हे पाहून, काही विसरलेलं न्यायला आलेली मदतनीस बाई तोंडावर पदर घेऊन हसत परत गेली. पहिल्यांदा नवऱ्यानं खटपट करून, एक संपलं की दुसरं आपोआप लागतं ते बंद केलं. ते कुठं असतं ते शोधायलाच अर्धा तास गेला.

मग शोधाशोध. देवादिकांचं लावलं, मला वाटलं होतं ते तरी बरं असेल. त्यात देव गदा फिरवत आकाशातून यायचे आणि वीज कडाडायची; गाड्या आणि चेंडूंपेक्षा काही निराळं नव्हतं. अंकांची गाणी लावली, ती गोड होती, पण एकच ओळ इतक्यांदा यायची की नवऱ्यानं कानांवर हात ठेवले. जंगलातल्या प्राण्यांचं लावलं. सुरुवात सुंदर होती, नदी, धुकं, हरणं पाणी पिताना. मी म्हटलं, हे ठीक. तेवढ्यात गवतातून वाघ निघाला आणि त्यानं पाडस धरलं. नवरा म्हणाला, “हे पायलं तं चटईच काय, घर ओलं होईन.”

असं करता करता एका कुंभाराचं सापडलं. कोणीतरी चाकासमोर कॅमेरा ठेवून दिला होता. म्हातारा माणूस, उघडा, गुडघ्याशी मातीचा गोळा. गाणं नाही, कोणी बोलत नाही, फक्त चाकाची घरघर आणि लांबून कोंबडा. माती वर येते, खाली बसते, पुन्हा वर येते. मी बघत होते. मध्येच उठून दूध उतू गेलं का बघून आले, परत येऊन बसले, माठाचा गळा तेव्हा कुठं निघायला लागला होता. काही चुकलं नव्हतं. परत बसल्यावर मला लगेच समजलं, आता काय चाललंय.

मी नवऱ्याला म्हटलं, “हे पाय, मी उठून आली तरी चाललं.”

मला सापडलेली परीक्षा एवढीच. मी काही शिकलेली बाई नाही, बालवाडीचं ट्रेनिंगही नाही. त्यानंतर काही लावायचं असलं की मी आधी स्वतः बघायचे आणि मध्ये उठून एखादं काम करून यायचे. परत आल्यावर समजलं आणि मध्ये बघायची घाई झाली नाही, तर ते मुलांना दाखवायचं. उठवतच नसेल, तर नाही. त्या रविवारी अशी चार निघाली. कुंभार, एक बाई बांबूची टोपली विणते ते, नावेतून पलीकडे जाणारी माणसं, आणि एक बाहुल्यांची गोष्ट, ज्यात अस्वलाला टोपी सापडत नाही आणि ते अख्ख्या घरात ती शोधतं.

सोमवारी जेवणानंतर कुंभार लावला. चारही मुलं धावत येऊन बसली. मिनिटभर बघितलं. मग एक म्हणाला, “आंटी, ये अटक गया क्या?”

“अटका नहीं है. बना रहा है.”

“कब उड़ेगा?”

“उडणार नाही,” मी म्हटलं. “माठ होईल.”

ती पोरगी उठली, टीव्हीपाशी गेली आणि काचेवर थापट्या मारायला लागली. “दूसरा लगाओ! दूसरा!” मी तिला मांडीवर घेतलं. तिनं आकांत केला. दुसरा एक ठोकळ्यांकडे निघून गेला, तिसरा चटईवर आडवा होऊन छताकडे बघायला लागला. कुंभार आपला चाक फिरवत राहिला. वीस मिनिटांनी संपलं तेव्हा कोणीच बघत नव्हतं, मी सोडून. मदतनीस बाई दारात भाजीचं टोपलं घेऊन उभी होती. ती म्हणाली, हे दाखवण्यापेक्षा बंद केलेलं काय वाईट?

दुसऱ्या दिवशी तेच लावलं. तिसऱ्या दिवशीही तेच. हे मी मुद्दाम केलं नाही. चारच गोष्टी होत्या, त्या पुरवून लावायच्या होत्या. पण मुलांना ते आवडलं. तिसऱ्या दिवशी त्यांना पुढचं ठाऊक होतं. “अब पानी लगाएगा,” एक म्हणाला, आणि कुंभारानं हात पाण्यात बुडवला तेव्हा सगळी हसली. ती पोरगी माझ्या मांडीवरच होती, अंग ताठ, पण रडत नव्हती.

गुरुवारी मी मुद्दाम मागं जाऊन बसले. ती चटईवर होती. चाक फिरत होतं. अर्ध्यात तिची चुळबुळ सुरू झाली. एकदा दाराकडे पाहिलं, एकदा टीव्हीकडे. मग ती उठली, माझ्याजवळ आली आणि पदर ओढला.

“आंटी, सू.”

मी तिला घेऊन गेले. परत येताना ती पळत आली, चटईवर बसली आणि शेजारच्याला विचारलं, “हो गया घड़ा?”

“अभी नहीं. गला बन रहा है.”

“अच्छा,” ती म्हणाली आणि मांडी घालून बसली.

मी स्वयंपाकघरात जाऊन मदतनीस बाईला सांगितलं. तिला त्यात एवढं काय ते कळलं नाही. एक पोर सूला गेली, हे सांगायला दीदी धावत आली.

त्या आठवड्यात मी पोरीच्या आईला सगळं खरं सांगून टाकलं. तिन्ही वेळा टीव्ही चालू होता, मी तासन्तास लावून ठेवत होते, हेही. मला वाटलं, आता हीही चादर घेऊन जाणार. ती म्हणाली, “मी येऊ का काकू एखाद्या दिवशी? बसून पायते, तुमी काय दाखवून राहिल्या ते.”

शनिवारी ती अर्ध्या सुट्टीनंतर आली. ऑफिसची पर्स खांद्यावरच होती. मुलांच्या मागं चटईवर बसली. त्या दिवशी टोपली विणणाऱ्या बाईचं लावलं होतं. बांबूच्या पट्ट्या एक वर, एक खाली. पोरगी आईच्या मांडीला टेकून बसली. थोड्या वेळानं तिनं मागं वळून पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवून मला म्हणाली, “मम्मी सो गई.” खरंच, ती बसल्या बसल्या झोपली होती, भिंतीला डोकं टेकवून, पर्स तशीच खांद्याला. मी तिला उठवलं नाही. टोपली पूर्ण झाली, मुलं अंगणात गेली, मदतनीस बाई ओट्यावर लाल भाजी निवडायला बसली तर सगळी तिच्याभोवती गोळा होऊन देठ तोडायला लागली. तासाभरानं आई जागी झाली आणि एकदम ओशाळली.

“बाप्पा! किती वेळ झोपली मी?”

“झोप नं. कोण बोलवून राहिलं तुले?”

चहा घेताना ती म्हणाली, “इथं ठीक आहे काकू. पण घरी मी सहा वाजता पोचते, हे गाडीवर. कुकर लावा, पोळ्या करा, तिचं आवरा. फोन हातात दिला नाई तं ती माझ्या पायात. दिला तं पोळ्या होते तरी. मी काय करू, सांगा?”

दोन महिन्यांपूर्वी मीच तिच्या जागी होते, आणि माझ्या मदतीला तर एक बाई होती. मी म्हटलं, “फोन दे. पण काय लावायचं ते तू ठरव, आणि एकच लाव. ते आपोआप दुसरं लागते ते बंद कर. मग संपलं की संपलं.”

“रडते नं ती.”

“रडते. इथं दोन दिवस रडली.”

तिच्या घरी दोन दिवसांत जमलं नाही. तिचा नवरा गाडीवरून आला की पोरीला जवळ घ्यायचा आणि स्वतःचा फोन तिला देऊन तिथंच झोपून जायचा. छत्तीस तास जागलेला माणूस, त्याला काय बोलणार, असं ती मला सांगायची. मग त्यात पुन्हा तेच हत्ती आणि चांदण्या. सोमवारी पोरगी माझ्याकडे चिडचिडी यायची आणि बुधवारपर्यंत ताळ्यावर यायची. असं पावसाळ्यापर्यंत चाललं. माझ्याकडे मात्र तिनं पुन्हा कधी चटई ओली केली नाही.

आमची दुपार हळूहळू बसली. जेवण, मग एकच काहीतरी, वीस-पंचवीस मिनिटांचं, मी त्यांच्यासोबत बसून. आवाज कमी. संपलं की मी टीव्हीवर जुनी चादर टाकायचे. कुंभारानंतर मुलांना अंगणात माती लागायची. मदतनीस बाई तलावाकाठची चिकणमाती पदरात बांधून आणायची आणि मुलांचे कपडे बघून आया माझ्यावर रागवायच्या. टोपी शोधणारं अस्वल सगळ्यात लाडकं झालं. अस्वल पलंगाखाली वाकलं की चौघंही चटईखाली वाकून बघायची. नावेचं मात्र कोणाला आवडलं नाही. मला फार आवडायचं, म्हणून मी ते पाच-सहा वेळा लावलं. मुलं सरळ उठून जायची. शेवटी मी तो नाद सोडला.

काही दिवस तर असे यायचे की टीव्ही लावायचा राहूनच जायचा आणि कोणी आठवण करायचं नाही. काही दिवस उलटे. नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दवाखान्यात आणि घरात पळत होते. तेव्हा आठवडाभर मदतनीस बाईनं काय लावलं ते मी विचारलं नाही. चादर तिनं काढली होती, एवढं दिसत होतं.

जुळे परत आले नाहीत. त्यांची आई एकदा बाजारात भेटली. मुलं इंग्लिशमध्ये रंगांची नावं म्हणतात, असं तिनं कौतुकानं सांगितलं, आणि मुलांनी लगेच तिथं भाजीच्या ढिगासमोर म्हणूनही दाखवली. बरोबर म्हटली. मी त्यांना शाबासकी दिली.

पोरगी पाच वर्षांची होईपर्यंत माझ्याकडे होती. शाळेत जायच्या आधीच्या महिन्यात तिच्या आईनं मला सांगितलं की घरी आता एक नवीन रीत पडलीय. ती पोळ्या करते तेव्हा पोरीला एकच गोष्ट लावून देते, आणि संपली की पोरगी ओट्याशी येऊन ती गोष्ट तिला सांगते. “अर्धी मराठी, अर्धी हिंदी. अस्वलानं टोपी ढूंढली म्हणते. मी नुसतं हो हो करत राहते. चुकून ‘मग टोपी भेटली नं?’ म्हटलं तं रागावते, मम्मी अभी नहीं भेटली.”

“वडील?”

“ते ऐकत ऐकत झोपते,” ती म्हणाली आणि हसली. “तिले चालते ते. झोपले तरी सांगते.”

यंदा माझ्याकडे पाच मुलं आहेत. नवीन आई-वडील पहिल्या दिवशी खोली बघतात, बाथरूम बघतात आणि विचारतात, “टीवी है क्या?” कोणाला तो हवा असतो, कोणाला नको असतो, दोघांनाही मी सांगते की आहे, थोडा वेळ लावते, एखाद्या दुपारी येऊन बसा आणि बघा. बहुतेकांना वेळ नसतो. मागच्या महिन्यात एक बाप आला होता, कडेवर दोन वर्षांचा मुलगा. भिंतीवरच्या कॅलेंडरचं चित्र पुढे जावं म्हणून तो मुलगा फोनवर फिरवतात तसं त्यावर बोट घासत होता. मी बापाला म्हटलं, याला सहा महिने टीव्ही नको, अंगणातच राहू द्या. बाप म्हणाला, मग तुम्हालाच त्रास होईल. मी म्हटलं, होईल, आणि मुलाला खाली ठेवायला सांगितलं.